शुभाला पत्र: काटा वर गेला तेव्हा

प्रिय शुभा,

रात्री तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन करणार होते, पण साडेअकरा वाजून गेलेले आणि तुला सकाळी लवकरची लोकल पकडायची असते म्हणून थांबले. आणि खरं सांगू, फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, तू मध्येच "जाऊदे गं" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून लिहितेय. लांबलचक होणारे, रविवारी चहा घेऊन बस आणि सगळं वाच.

गणपती बसायच्या आधी वजन 87.1 किलो, गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 89.5, आणि खाली तू लिहिलंयस की दीड वर्षाची मेहनत एका आठवड्यात वाया गेली, उद्यापासून फक्त ताक, काकडी आणि एक फळ. शुभा, प्लीज हे ताक-काकडीचं करू नकोस. बाकी पत्र नंतर वाचलंस तरी चालेल पण एवढं आत्ताच ऐक.

आधी साधा हिशोब करू, तू अकाउंट्सवाली आहेस, तुला पटेल. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. 2.4 किलो खरंच चरबी वाढली असेल तर तू त्या सहा-सात दिवसांत रोजच्या गरजेपेक्षा साडेअठरा हजार कॅलरी जास्त खाल्ल्या असल्या पाहिजेत. उकडीच्या एका मोदकाच्या दीडशे धरल्या तरी सव्वाशे मोदक, आणि ते पण नेहमीचं जेवण वेगळं धरून! तू खाल्लेस का एवढे? तुझ्या घरी मी स्वतः होते एक दिवस, तू अर्धा वेळ स्वयंपाकघरात उभी होतीस आणि उरलेला वेळ आलेल्यांना ताटं वाढत होतीस. थोडंफार वाढलं असेल, तीन-चारशे ग्रॅम, ते मी नाकारत नाही, सणाला माणूस खातोच आणि खावंच. बाकीचं सगळं पाणी आणि पोटात असलेलं अन्न.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, त्याच्यामागे कारणं आहेत. आपण भात, घावन, मोदक, पुरणपोळी खातो त्यातला काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवून ठेवतं, साधारण 400-500 ग्रॅम मावतं तिथे, आणि एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी पण धरून ठेवलं जातं. तू दीड वर्ष हात राखून जेवतेयस म्हणजे तुझा हा साठा कायम अर्धामुर्धा रिकामा, मग घावन-घाटलं आणि मोदकांनी तो भरला की एक-सव्वा किलो तिथेच आलं. त्यात मीठ. रोजचं मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सणाचं ताट आठव, पापड, कुरडया, लोणचं, चटण्या, त्याशिवाय आलेल्या पाहुण्यांबरोबर चिवडा आणि वेफर्स. मीठ जास्त झालं की शरीर ते बाहेर टाकेपर्यंत पाणी धरून बसतं. त्यात जागरणं, दिवसभर उभं राहणं, आणि तूच म्हणालीस की चार दिवस पोट नीट साफ झालं नाही. आणि तुझी पाळी पण जवळ आलीये ना? त्याच्या आधीचे काही दिवस आपल्यापैकी कितीतरी जणींचं वजन किलोभर वर जातं आणि पाळी सुरू झाली की आपोआप उतरतं. ओली चादर बादलीतून उपसताना हाताला केवढी जड लागते, म्हणून कापड वाढलं असं कोणी म्हणतं का, वाळली की तीच चादर एका बोटावर येते.

आता जे मला तुला मनापासून सांगायचंय ते हे, की चरबी इतकी हळू कमी होते की एका दिवसाच्या काट्यावर ती दिसूच शकत नाही. समज तू रोज गरजेपेक्षा 300 कॅलरी कमी खातेस, ते पण सगळे दिवस काटेकोर जमत नाही. 300 कॅलरी म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास चरबी. आपले घरचे काटे 100 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात, म्हणजे आकडा एक घर खाली यायलाच दोन-तीन दिवस लागतात, आणि त्याच वेळी पाणी मात्र किलो-दीड किलो वरखाली होतंय. तर सकाळी उठून आपण काट्यावर जे बघतो ते नव्वद टक्के पाण्याचं वरखाली आहे असं समज. त्यात 40 ग्रॅम कुठे शोधणार? म्हणून खाली आलेल्या आकड्याने पण हुरळून जाऊ नकोस गं, तापाने दोन दिवस जेवली नाहीस आणि दीड किलो उतरलं तेव्हा तू पार्टी देणार होतीस, ते पण पाणीच होतं.

आणि हे पण आठव, तू 104 वरून 87 ला आलीस. 17 किलो. त्याच हिशोबाने एक लाख तीस हजार कॅलरी, तुझ्या शरीराने जाळलेल्या. एका गणपतीत ते परत येऊ शकत नाही, शक्यच नाही ते.

मी काय करते ते सांगते, तुला जमेल तसं कर. माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला कालनिर्णय लटकवलेलं असतं, तू बघितलंयस. त्या तारखेच्या चौकोनात आपण नाही का "दूध नाही", "सिलेंडर लावला", "बाई सुट्टी" असं लिहितो, त्याच्यातच कोपऱ्यात पेन्सिलने वजन लिहिते. सकाळी, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढंच. लिहिलं की विषय संपला. शनिवारी आठवड्याची सरासरी काढते आणि ती मागच्या महिन्यातल्या सरासरीशी लावून बघते, कालच्या आकड्याशी कधीच नाही. कालनिर्णयचा फायदा असा की आकड्याच्या शेजारीच सगळं छापलेलं असतं, संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, आणि मग कळतं की साबुदाण्याच्या खिचडीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळी सात-आठशे ग्रॅम वर असतं आणि दोन दिवसांनी जागेवर येतं. रविवारी मटण, सोमवारी वर, बुधवारी खाली. पाळीच्या आधी वर. माझं 112 वरून 78 ला यायला चार वर्षं होत आली, आणि ती सगळी कॅलेंडरं मी ठेवलीयेत, कुठलंही पान काढ, एकही आठवडा असा नाही ज्यात आकडा सरळ रेषेत खाली आलाय. वर, वर, खाली, वर, खाली, तसाच. पण जानेवारीचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी ठेव, मग दिसतं.

रोज बघून त्रास होत असेल तर रोज बघू नकोस. खरंच. काही जणींना रोजच्या आकड्याने शांत वाटतं, काहींचा पूर्ण दिवस खराब होतो, तू दुसऱ्या प्रकारातली वाटतेस मला. तर आठवड्यातून एकदा बघ, पण मग तो एक आकडा म्हणजे निकाल समजू नकोस, तीन-चार आठवड्यांचे जमू देत. मधल्या काळात टेप वापर, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, महिन्यातून एकदा.

मागच्या पावसाळ्यात माझं 84 च्या आसपास नुसतं झुलत होतं, तेव्हा मी नुकतंच जिममध्ये वजनं उचलायला लागले होते (नवीन व्यायामाने स्नायू दुखतात, सुजतात आणि पाणी धरतात, हे पण लक्षात ठेव, तुला पुढे लागेल). तेव्हा चुलतभावाच्या लग्नासाठी जुना ब्लाऊज घेऊन दादरच्या मास्टरकडे गेले. त्याने मला तो घालून उभं केलं, तोंडात टाचण्या धरून दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत पकडलं आणि म्हणाला, ताई, दोन्हीकडून इंच-इंच आत घ्यावं लागेल, बाह्या पण. मग ब्लाऊज उलटा करून आतली शिवण दाखवली, मे महिन्यात त्यानेच एकदा आत घेतलेली शिलाई होती, तिच्याही आत आता नवीन टाचणी लागली होती. काटा 84 म्हणत होता, आणि टाचणी काहीतरी वेगळंच सांगत होती. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं शुभा, की मी शिवाजी पार्कला एक चक्कर मारूनच घरी गेले.

आता ताक-काकडी का नको ते. तीन-चार दिवस उपाशी राहिलीस तर ग्लायकोजेन रिकामं होईल, पाणी जाईल, काटा धाडकन दोन किलो खाली येईल आणि तुला वाटेल की बघ, असंच करायला हवं होतं. मग शुक्रवारी ऑफिसमधून येताना स्टेशनबाहेर वडापावचा वास आला की उपाशी पोट ऐकणार नाही, आणि ऐकू पण नये त्याने, ते त्याचं काम करतंय. मग शनिवारी आकडा परत वर, परत शिक्षा. आकडा वर गेल्याने कोणाची मेहनत बुडत नाही, बुडते ती त्या दुसऱ्या दिवशीच्या शिक्षेने, माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या बायकांनी सोडून दिलं त्या सगळ्या इथेच थकल्या. आणि असं उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायू पण जातात, जे आपल्याला या वयात परवडत नाही. उद्या सकाळी नेहमीसारखीच उठ, नेहमीचा नाश्ता कर, दुपारी भाजी-पोळी, मुगाची उसळ किंवा अंडी किंवा मासे जे असेल ते, पाणी नेहमीइतकं पी, जेवणानंतर वीस मिनिटं चाल. बस. चार-पाच दिवसांत बरंचसं उतरेल, उरलेलं पाळीनंतर.

आणि तुझ्या सोसायटीच्या जिममधला तो घामाचा पट्टा, तो घेऊ नकोस. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी हिशोब मांडून दाखवला होता की 10 किलो चरबी जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. घाम गाळून चरबी जात नाही, तो घाम म्हणजे तुझं प्यायलेलं पाणी, ग्लासभर प्यालीस की परत.

तुझ्या ऑफिसमधली मैत्रीण वजन उतरवायचं इंजेक्शन घेतेय आणि तिचं पटापट उतरतंय हे तू दोनदा लिहिलंस. तिच्या डॉक्टरांनी दिलंय, तिला उपयोग होतोय, चांगलंच आहे. पण तिथेही वेळ लागतोच. अशाच इंजेक्शनमधल्या सेमाग्लुटाइड या औषधाची जी मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली त्यात जवळपास 2000 माणसं होती, आठवड्याला एक इंजेक्शन, आणि औषध घेणाऱ्यांचं सरासरी 15 टक्के वजन कमी व्हायला 68 आठवडे गेले. तुझे 17 किलो म्हणजे 16 टक्के गं! दीड वर्षात, घरच्या जेवणावर, ऑफिस आणि लोकल सांभाळून. तू हे कधी टक्क्यांत मोजलंच नाहीस.

मावशींनी गौरीच्या दिवशी सगळ्यांसमोर "परत भरलीस वाटतं" म्हटलं ते तुला लागलंय, मला दिसलं होतं तेव्हाच. त्याच मावशींनी सहा महिन्यांपूर्वी "आजारी आहेस का, चेहरा किती उतरलाय" विचारलं होतं. माणसं बोलतात, त्यांना बोलायला विषय लागतो, तुझ्या शरीराचा हिशोब त्यांच्याकडे नाही.

एक मात्र सांगते, सगळंच पाणी म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पाच-सहा आठवडे सरासरी हलली नाही आणि टेप पण हलला नाही, तर तो खरा अडकलेला टप्पा. तेव्हा आधी हे बघायचं की 104 किलोच्या शुभाला जेवढं जेवण लागायचं तेवढं 87 च्या शुभाला लागत नाही, शरीर लहान झालं की त्याची गरज पण कमी होते, मग तेलाचा चमचा, भाताची वाटी, संध्याकाळचं चहाबरोबरचं खाणं हे परत एकदा मोजून बघायचं. आणि दोन-तीन दिवसांत अचानक खूप वाढलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतोय, जिना चढताना किंवा आडवं पडल्यावर धाप लागतेय, असं काही असेल तर माझी पत्रं वाचत बसू नकोस, सरळ डॉक्टर. थायरॉइड पण वर्षभरात तपासला नाहीयेस तू, तो करून घे, तुझ्या आईला होता.

रविवारी सकाळी सातला शिवाजी पार्कला ये. कट्ट्याच्या बाजूने दोन-तीन चकरा मारू, मग बसून इडली खाऊ, तू काट्याबद्दल बोललीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. टेप मी आणते. आणि ताक प्यायचं असेल तर जेवणाबरोबर पी, जेवणाच्या ऐवजी नको.

तुझी,
मेधा

ता.क. काटा बेडरूममधल्या सतरंजीवर ठेवतेस ना तू? तो तिथून काढ आणि स्वयंपाकघरातल्या सपाट लादीवर ठेव, रोज त्याच लादीवर. मऊ जागी काटा नीट वजन दाखवत नाही. सेल पण बदल एकदा.