शिकले म्हणून नोटीस : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सेवेत असताना एम.ए. केल्याबद्दल मिळालेली कारणे दाखवा नोटीस

महोदय,

स. न. वि. वि. मी नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर प्रभारी मुख्याध्यापिका आहे. नोकरी करता करता शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं आणि सेवापुस्तकात नोंद व्हावी म्हणून प्रस्ताव दिला. गेल्या आठवड्यात नोंदीऐवजी नोटीस आली. सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता उच्च शिक्षण घेतल्याबद्दल आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा!

परवानगी मागितली होती, साहेब. प्रवेश घेण्याआधी, रीतसर, केंद्रप्रमुखांमार्फत (म्हणजे आमच्यासारख्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी). आवक क्रमांकाची पोच माझ्याकडे आहे. त्या अर्जाला हो नाही की नाही नाही. चौकशीला गेलं की टेबल बदललेलं, साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, नाहीतर फाइल "वर". एका लिपिकानं तेवढं मनापासून सांगितलं, "मॅडम, एवढं शिकून काय करायचंय? पगार आहे तेवढाच राहणार." माझ्या अर्जाला मिळालेलं एकमेव उत्तर ते.

यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आमच्या नाशकातच, गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे. नोकरी सांभाळून माणसाला शिकता यावं म्हणून शासनानंच कायदा करून ते काढलं. आता शासनाच्याच विद्यापीठात शिकल्याचा खुलासा शासनालाच द्यायचा.

शिकून काय केलं, तेही सांगते, कारण नोटिशीत तो रकाना नाही. पूर्वी सहशिक्षकांचा पाठ बघायचा म्हणजे टाचणवही तपासायची, फळ्यावर तारीख आहे ना बघायची आणि "पाठ चांगला झाला" असा शेरा मारून सही ठोकायची. अभ्यासक्रमात निरीक्षणाचं काम आलं तेव्हा पहिल्यांदा मी वर्गात मागे बसून कोरा बैठक-आराखडा काढला, मुलागणिक एक चौकोन, आणि जे मूल बोलेल त्याच्या चौकोनात टिंब दिलं. तास संपला तेव्हा पुढच्या दोन मुलांचे चौकोन टिंबांनी भरून गेले होते आणि खिडकीकडच्या रांगेतल्या तिघी मुलींचे कोरे होते. शेरा काहीच लिहिला नाही, कागद सरांच्या हातात दिला. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "उद्या माझ्यासमोर तुमच्या तासाचा काढू." काढला. माझ्याही वर्गात त्या तिघी कोऱ्याच. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुली, आमच्या पुस्तकी मराठीपुढे गप्प. मग परिपाठात रोज एकीनं घरच्या बोलीत काहीतरी सांगायचं ठरवलं, पावसाचं, नागलीच्या लावणीचं, कशाचंही. दिवाळीपर्यंत त्यातली एक इतकी बोलायला लागली की आता तिला थांबवावं लागतं. शाळेचं नेतृत्व म्हणतात ते मला इथं कळलं, तुमच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओत नाही.

हो, त्या प्रशिक्षणांचंही बोलू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं, शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक विकासाला द्यावेत. आमचे 50 तास कसे भरतात? मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, पोषण आहाराची डाळ मोजायची, शेवटी प्रश्नावलीवर टिक करायची, प्रमाणपत्र डाउनलोड. 12 वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी हवी तर प्रशिक्षण करा, आणि 2022 मध्ये त्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी माणशी 2000 रुपये आमच्याकडूनच घेतले. शिक्षक किती होते ते तुमच्या दप्तरी आहे, गुणाकार करून बघा. 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी, म्हणजे त्याच्या वरची वेतनश्रेणी, तर वरिष्ठ श्रेणीतल्या शंभरात 20 जणांनाच. बाकीच्या 80 जणांनी काय घोडं मारलं?

आता 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सेवा पाच वर्षांहून जास्त उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा, नाहीतर घरी जा. न्यायालयाचा मान राखून देईन मी ती परीक्षा, अभ्यासाची सवय आहे. पण टीईटी नसेल तर नोकरी जाणार आणि एम.ए. केलं तर कारवाई होणार, हा हिशोब मला कुणीतरी समजावून द्यावा. परीक्षांचंच म्हणाल तर 2023 मध्ये केंद्रप्रमुखांच्या 2384 पदांची जाहिरात निघाली. लोकांनी पुस्तकं घेतली, अर्ज भरले. परीक्षा पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. तोवर एकेका केंद्रप्रमुखाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रं.

दीडशेच्या आत पट असला की प्राथमिक शाळेला मुख्याध्यापकाचं पद मिळत नाही, म्हणून मी प्रभारी. भत्ता शून्य, पण शाळेची माहिती भरायचं यू-डायस माझं, मुलांच्या ओळखक्रमांकांचे अपार आयडी माझे, शाळेच्या गळक्या छताचा प्रस्ताव माझा, आणि "आजच, तात्काळ, गुगल लिंक भरा" हेही माझंच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं सांगतं. या तिनांतच आमचं अर्ध वर्ष जातं, बाकीची विनाकलम. माझे परीक्षेचे पेपर चालू होते तेव्हा मतदारयादीचं काम होतं. रजा नामंजूर. ताप अंगात घेऊन सकाळी गावात घरोघरी फिरले आणि दुपारी नाशिकला पेपर लिहिला. घरच्यांनी तर विचारणंच सोडून दिलं होतं.

दरवर्षी 3 जानेवारीला आम्हाला सावित्रीबाईंवर भाषण करायला लावता. त्या स्वतः शिक्षक-प्रशिक्षण घ्यायला नगरला गेल्या होत्या. पूर्वपरवानगी कुणाची काढली होती, तेवढं आपल्या कार्यालयानं शोधून कळवावं.

कोठारी आयोगानं 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. 2020 च्या धोरणातही तोच 6 चा आकडा. मधल्या काळात सरकारं आली-गेली, सगळ्या रंगांची. आमच्या नाशकात 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी कोटींचे आराखडे झटपट मंजूर होतात. होऊ देत, गोदामाईचं काम आहे. पण शिक्षकाच्या परीक्षेची फी द्यायची म्हटलं की तिजोरीत खडखडाट!

माझं मागणं फार नाही. परवानगीच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरा. पेपरपुरती रजा द्या. शिकलेल्या माणसाची नोंद सेवापुस्तकात करा आणि मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख नेमताना ती नोंद निदान वाचा.

खुलासा मी पाठवला आहे, पोचेच्या प्रतीसह. यंदा पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसायचा विचार आहे. त्याच्या परवानगीचा अर्जही त्याच टपालात घातला आहे.

आपली,
एक प्रभारी मुख्याध्यापिका
(वेतन सहशिक्षिकेचे)
ता. पेठ, जि. नाशिक