धनुर्वाताच्या जनावरांसाठी एक अंधारी खोली हवी आहे

सर्व पशुपालकांना समितीची कळकळीची विनंती. धनुर्वात झालेल्या जनावरांना ठेवण्यासाठी उजेड अडवता येईल अशी, वर्दळीपासून दूर असलेली कोरडी खोली हवी आहे. कुणाचा गोठा रिकामा पडून असेल तर तो तात्पुरता द्यावा. जाड पडदे, भरपूर पेंढा आणि रात्री आळीपाळीने थांबणारी शांत स्वभावाची माणसेही लागतील. मोबाइल घरी ठेवून येणारी असतील तर फारच बरे! देणगी आली तर ती प्रतिविषाच्या इंजेक्शनांवरच खर्च होईल.

अंधाराचा हट्ट का? धनुर्वाताचे विष नसांमधून मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि स्नायू सैल सोडणारे संदेश अडवते. मग नुसती कडी वाजली तरी जनावर ताठून झटके देते. प्रतिविष फक्त मोकळे विष निकामी करते, नसांना चिकटलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणूनच इंजेक्शन लवकरात लवकर मिळायला हवे. पशुवैद्य जखम उघडून साफ करतात, पेनिसिलिन आणि झटके आवरणारी औषधे देतात. बाकी भिस्त सेवेवर: आडव्या जनावराची कूस बदलणे, गाय-म्हैस असेल तर पोट फुगत नाही ना ते पाहणे.

अडचण अशी, की जनावर बहुधा उशिरा आणले जाते. खुरात घुसलेला खिळा, खच्चीकरण, कानातला बिल्ला, अडकलेली वार, वासराची ओली नाळ, कशातूनही जंतू शिरतो. लक्षणे बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर जखम भरलेली असते, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. ताठ चाल, उभे कान, उचललेली शेपटी दिसली की थांबू नका. घोड्याची हनुवटी हलकेच वर उचलून पाहा. आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी झर्रकन डोळ्यावर आली, तर त्याच क्षणी पशुवैद्यांना बोलवा. दातखीळ बसलेल्या तोंडात पाणी किंवा काढा ओतू नका, तो फुप्फुसात जातो.

घोड्यांना हा आजार सर्वांत लवकर जडतो, शेळ्या-मेंढ्यांनाही बराच. गाई-म्हशींना त्या मानाने कमी. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असे नसते, बऱ्या झालेल्या जनावरालाही लस टोचावीच लागते.

लस आणि प्रतिविष २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवण्यासाठी एक फ्रिजही हवा आहे. जुना चालेल, फक्त चालू असावा.