थंड प्रदेश काढायचाच, तर नीट पाहून

महोदय,

शाळकरी मुलांच्या चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणून मी अधूनमधून जातो. विषय ‘निसर्ग’ असला की ठरलेलं दृश्य समोर येतं. बर्फाचे डोंगर, त्रिकोणी हिरवे पाइन, धुराडं असलेलं लाकडी घर आणि पुढ्यात निळं तळं. काढणारी मुलं राहतात ठाण्यात, वर्तकनगरला, वसंत विहारला. अंगणात उभं राहिलं तरी येऊरचा डोंगर दिसतो. एकीला विचारलं, हे कुठलं गं? म्हणाली, “थंड प्रदेशातलं.” मोबाइलवरून उतरवलं होतं.

मुलांवर राग नाही. माझी उभी हयात वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात लेबलं आणि कॅलेंडरं करण्यात गेली. दुकानदारांच्या कॅलेंडरवर गणपतीखालोखाल मागणी असायची ती स्वित्झर्लंडला. घरोघरी भिंतीवर बर्फच होता, मुलं तरी दुसरं काय शिकणार!

पण थंड प्रदेशच काढायचा, तर ज्याने तो डोळे उघडे ठेवून पाहिला त्याचं काम मुलांना दाखवा. टॉम थॉमसन हा चित्रकार माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून आपुलकी जरा जास्त. जन्म १८७७, कॅनडातलं ऑन्टारिओ. टोरंटोच्या ग्रिप कंपनीत तो डिझाइन आणि अक्षरांकन करायचा. १९१२ पासून टोरंटोच्या उत्तरेला असलेल्या अल्गॉन्क्विन पार्कात जायला लागला आणि मग तिथलाच होऊन गेला. होडी वल्हवायची, मासे पकडायचे, वाटाड्याचं काम करायचं. १९१६ मध्ये वणव्यांवर नजर ठेवण्याची नोकरीही केली. सोबत रंगांची पेटी आणि साधारण २१ बाय २७ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्या. म्हणजे आपल्या ड्रॉइंगच्या वहीएवढा आकार. उजेड पळायच्या आत तिथेच बसून फळी पुरी करायची. मोठी कॅनव्हास हिवाळ्यात, टोरंटोला परतल्यावर. जुलै १९१७ मध्ये तिथल्याच कॅनू लेकमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ३९.

त्याचं ‘द जॅक पाइन’ हे चित्र ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. १९१६-१७ चं, सुमारे १२८ बाय १४० सेंटिमीटर. तळ्याकाठच्या खडकावर एकटं झाड, मागे पाणी, पलीकडे टेकड्या आणि आडव्या पट्ट्यांनी भरलेलं आकाश. ते झाड बघा. कुठेही त्रिकोण नाही! फांद्या वेड्यावाकड्या, खाली लोंबलेल्या, पानोरा विरळ, झाडातून आरपार आकाश दिसतंय. फांद्यांच्या कडेने खालचा तांबडा थर त्याने मुद्दाम उघडा ठेवलाय, त्यामुळे गडद हिरवा धगधगतो. आकाशाच्या पट्ट्यांत मात्र पोस्टरवाल्याचा हात लपत नाही. सपाट रंग, स्वच्छ कड. छापखान्यात ब्लॉक कापलेल्या माणसाला ते लगेच कळतं. थोडक्यात, आमची मुलं काढतात तो पाइन उत्तरेतही असाच असेल असं नाही. तो कॅलेंडरातला पाइन आहे.

गंमत अशी, की त्या काळी कॅनडातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातही परदेशच टांगलेला असे. हॉलंडची कुरणं, धुकं, गाई. स्वतःचं रानटी जंगल चित्रात काढण्याजोगं आहे असं फार थोड्यांना वाटे. जानेवारी १९१३ मध्ये थॉमसनचे दोन मित्र, लॉरेन हॅरिस आणि जे. ई. एच. मॅकडोनाल्ड, अमेरिकेतल्या बफेलोला स्कॅन्डिनेव्हियन चित्रांचं प्रदर्शन बघायला गेले. नॉर्वे-स्वीडनचा बर्फ बघून भारावले, पण परत येऊन त्यांनी नॉर्वे काढला नाही, आपलंच रान काढलं. त्याच वर्षी टोरंटोच्या एका पत्रकाराने या मंडळींच्या रंगकामाला गरम लापशी म्हणून हिणवलं (पत्रकारांची ही खोड जुनी आहे, राग नसावा). दोन वर्षांत नॅशनल गॅलरीने थॉमसनचं ‘नॉर्दर्न रिव्हर’ ५०० डॉलरला विकत घेतलं. १९२० मध्ये या मित्रांनी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ हा चित्रकारांचा गट स्थापन केला, तेव्हा थॉमसन नव्हता.

आपल्याकडे असा माणूस झाला नाही असं थोडंच आहे? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे.त शिक्षण घेतलं आणि परत जाऊन तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला.

मग ठाण्यात काय कमी आहे? फेब्रुवारी-मार्चात येऊरला काटेसावर, पांगारा, पळस असे एकामागून एक पेटतात, तेही पानं झडलेल्या करड्या रानात. थॉमसनला तांबड्याचा थर आधी द्यावा लागला, इथे तो झाडावरच आहे. खाडीला ओहोटी लागली की चिखलाला जांभळट चकाकी येते, तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी उभी असतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तरी स्पर्धेच्या गठ्ठ्यात ती मला दिसलेली नाही.

कलाशिक्षकांची अडचण मी जाणतो. तास पाऊण तासाचा, त्यात चाळीस-पन्नास मुलं, बाहेर नेलं तर जबाबदारी कोणाची? म्हणून मागणं लहान आहे. वर्षातून निदान दोनदा, शनिवारी सकाळी, मुलांना मोबाइलशिवाय उपवनला किंवा येऊरच्या पायथ्याशी न्यावं आणि वहीएवढ्याच कागदावर तासाभरात चित्र पुरं करायला लावावं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी विषय नुसता ‘निसर्ग’ न देता जागेचं आणि महिन्याचं नाव द्यावं. आणि आपण, संपादक महोदय, ठाणे पुरवणीच्या कोपऱ्यात आठवड्याला एक असं जागेवर बसून काढलेलं चित्र छापावं. काळ्यापांढऱ्यात छापलंत तरी चालेल.

— एक निवृत्त कमर्शिअल आर्टिस्ट, पाचपाखाडी, ठाणे (प.)