बोट दुरुस्त करायला पुण्यात जागा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय, जागेअभावी कापलंत तरी चालेल, पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या ही विनंती.

मी सिंहगड रोडला राहतो, वय ४९, हिंजवडीत नोकरी. गेली पावणेदोन वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्याच नावावर असलेल्या जागेत, मी एक जुनी शिडाची बोट दुरुस्त करतोय. चारचाकी आधीच विकली होती म्हणून जागा रिकामी होती. गेल्या महिन्यात कमिटीचं पत्र आलं, पार्किंगमधलं भंगार या महिनाअखेरपर्यंत हलवावं. भंगार हा शब्द मला लागला, खोटं कशाला सांगू. पण हे पत्र कमिटीची तक्रार करायला लिहीत नाहीये, त्यांचं म्हणणं काय आहे ते पुढे लिहितोच.

आधी बोटीबद्दल. कॉलेजात मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो. तिथे पहिल्यांदा एंटरप्राइज नावाच्या बोटीत बसलो, दोन माणसांची, १३ फूट ३ इंच लांब, इंजिन वगैरे काही नाही, एक मोठं शीड, एक छोटं शीड, एक सुकाणू, बस. वारा शिडात भरला की बोट एका अंगावर कलते आणि आपण दुसऱ्या बाजूला बाहेर झुकून तिला सरळ धरायचं, ते एकदा ज्याने केलंय तो विसरत नाही. मग नोकरी, लग्न, हप्ते, जे सगळ्यांचं होतं तेच. अजूनही खडकवासल्याला भिंतीवर कणीस खात उभं राहिलं आणि पलीकडे एनडीएच्या बाजूला पांढरी शिडं दिसली की मी बोलायचा थांबतो, हे घरातल्या सगळ्यांना माहितीये.

दोन वर्षांपूर्वी गोऱ्हे बुद्रुकला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. शेजारच्या फार्महाऊसच्या मागे, चिंचेखाली, एक बोट पडलेली, आत गुडघाभर पालापाचोळा आणि एका कोपऱ्यात कोंबडीने अंडी घातलेली. कडेचा आकार बघूनच ओळखली, पोटाला दोन ठिकाणी कोन असलेली, एंटरप्राइजच. तिथल्या आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांची होती, ते गेल्यापासून कोणी हात नाही लावला, न्या की, पण अंडी तेवढी काढून द्या." पैसे घ्यायला तयारच नव्हत्या. पुढच्या रविवारी छोटा हत्ती केला, बोट मागे निम्मी बाहेर, तिला लाल फडकं बांधलं आणि तीस मिनिटांच्या रस्त्याला दीड तास लागला.

आता जरा कामाचं सांगतो, कारण असल्या बोटी या भागात अजून कुठेकुठे पडल्या असतील आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी मागच्या अंगणात असेल. लाकडी बोट पाण्यात राहून जितकी खराब होते त्याच्यापेक्षा जास्त पावसात उघडी राहून होते. समुद्राचं खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही, पावसाचं गोडं पाणी मानवतं. ही बोट सुलटी ठेवलेली होती, म्हणजे प्रत्येक पावसाळ्यात ती टाकीसारखी भरायची आणि दिवाळीपर्यंत ओलीच राहायची. उपडी ठेवली असती, खाली दोन विटा लावून वारा खेळता ठेवला असता, तर माझं निम्मं काम वाचलं असतं. तुमच्याकडे असेल तर आजच उपडी करा, बाकी काही नंतर बघा.

पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळीकडे टोचत गेलो. बाजूच्या फळ्या टणक, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भाग टणक. डोलकाठी जिथे टेकते तिथे टोचलं तर थोडं मऊ. आणि मागची आडवी फळी, जिच्यावर सुकाणू बसतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, काही जोर न लावता, ओल्या केकमध्ये जावा तसा, आणि बाहेर काढला तर टोकाला तपकिरी चुरा आणि तळघरासारखा वास. त्या रात्री मी जेवलो नाही नीट. बायको म्हणाली, परत देऊन ये. मुलगी म्हणाली, बाबा मागचीच फळी ना, ती नवीन करू. तिचं ऐकलं.

पितळी स्क्रू वर्षानुवर्षं रंगात गाडलेले, डोकी फिरवली की खाचा तुटायच्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी युक्ती सांगितली, सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर दोन मिनिटं धर, गरम होऊन सुटेल. १४० स्क्रू काढले मी, त्यातले मोडले फक्त अकरा. त्याच मिस्त्रींनी प्लाय कसं पारखायचं तेही शिकवलं. दुकानात सगळेच मरीन प्लाय म्हणून देतात, आयएस ७१० चा शिक्का असलेलं मागायचं, त्या मानकात प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे असं आहे. मी दोन दुकानांतून तुकडे आणले आणि रविवारी गॅसवर पातेल्यात आठ तास उकळले, मुलगी दर तासाला उलथन्याने फिरवत होती. संध्याकाळी एका तुकड्याचे खारीसारखे पदर सुटले, दुसरा होता तसाच. शिक्का दोन्हीवर होता! घर बांधताना, किचन करून घेताना लोकांनी हे जरूर करावं.

सडलेला भाग कापून नवीन प्लाय जोडताना नुसतं टोकाला टोक लावून चालत नाही, दोन्हीकडून रंध्याने उतार काढायचा, जाडीच्या आठपट. माझं प्लाय ६ मिलीमीटर, म्हणजे ४८ मिलीमीटर उतार. मग एपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळून लावायचा आणि नंतर दगडासारखा घट्ट होणारा डिंक, वरून काचेच्या कापडाची, म्हणजे फायबरग्लासची पट्टी. एपॉक्सीने मला पहिल्या पावसाळ्यात रडवलं. एकदा कपात जास्त मिसळलं आणि दोन मिनिटं फोन घेतला, तर कप हातात धरवेना इतका तापला आणि धूर यायला लागला, कारण खोलगट भांड्यात त्याची उष्णता बाहेर पडत नाही, पसरट ट्रे घ्यावा लागतो. आणि जुलैत हवेत दमटपणा इतका की सुकलेल्या थरावर चिकट मेणासारखा पापुद्रा यायचा. तो आधी नुसत्या पाण्याने काथ्या मारून धुवायचा, मग घासायचं. मला माहीत नव्हतं, मी न धुता घासलं, त्याच्यावर पुढचा थर दिला आणि तीन आठवड्यांनी तो नखाने निघाला. अख्खी एक बाजू परत केली.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. बसायची फळी काढली, तिच्या खाली इतक्या वर्षांत ऊन-पाऊस गेलाच नव्हता, लाकूड अजून तांबूस. आतल्या प्रत्येक आडव्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं, डा १, डा २, डा ३, समोर उ १, उ २, उ ३. डावी, उजवी. सुताराची पेन्सिल, जाड आणि चपटी, डा चा काना खाली ओढून नेलेला. आणि तिसऱ्या पट्टीशेजारी एक वजाबाकी, इंचांची, एकदा चुकून खोडलेली आणि खाली बरोबर केलेली. मुलगी टॉर्च धरून बघत होती, म्हणाली, बाबा हे मराठीत आहे. मला तोपर्यंत वाटत होतं की बोट मुंबईहून किंवा परदेशातून कोणीतरी आणली असणार. ती इथेच कुठेतरी, आपल्यासारख्याच मराठी माणसाने, हाताने बांधली होती. तेवढा भाग मी रंगवलेला नाही, त्याच्यावर नुसतं पारदर्शक व्हार्निश दिलंय.

एंटरप्राइज मुळातच तशी काढलेली बोट आहे. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज डिझायनरने १९५६ मध्ये ती आखली आणि न्यूज क्रॉनिकल या तिकडच्या वर्तमानपत्राने ती लोकांपुढे आणली, निळं शीड ही तिची ओळख. प्लायवूडचं किट आणायचं आणि साध्या हत्यारांनी घरी जोडायचं. पुढे १९६२-६३ मध्ये त्याच होल्टने, टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलबरोबर मिरर नावाची आणखी छोटी बोट केली, ती डेली मिररने पुढे आणली, लाल शिडाची, तिच्या फळ्या तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवायच्या आणि मग काचेची पट्टी चिकटवायची. वर्तमानपत्राला पत्र लिहावंसं वाटलं त्याचं एक कारण हेही आहे, हे काम वर्तमानपत्रांनी एकदा करून दाखवलेलं आहे.

आणि आपल्याकडे कौशल्य नाही असं कोणी म्हणू नये. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या म्हादेई बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय, ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली, लाकडाच्या पट्ट्या, काचेचं कापड, एपॉक्सी, म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये जे आहे तेच सामान. १९८२ च्या एशियाडमध्ये शिडाच्या बोटींचं फायरबॉल गटातलं सुवर्ण फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या आपल्या जोडीने जिंकलं. पुण्याचं म्हणाल तर सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नदीतला बोटींचा कार्यक्रम बघायला नदीकाठी किती गर्दी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याची ओढ या शहराला आहे.

नाहीये ती जागा. इथे मी कमिटीची बाजू मांडतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे आणि थिनरचा वास वर जातो, हे खरं आहे. काचेचं कापड घासलं की बारीक धूळ उडते, ती शेजारच्या गाड्यांवर बसते आणि ती अंगाला खाजते. पार्किंगमध्ये व्हार्निशचे डबे ठेवणं आगीच्या दृष्टीने चूकच. मी मास्क लावला, पंखा लावला, ताडपत्रीचा आडोसा केला, घासायचं काम फक्त रविवारी दुपारी ठेवलं, तरी राहत्या इमारतीखाली हे काम व्हायला नको, हे मलाच पटलंय. बोट तिथून हलवायला मी तयार आहे. पण हलवू कुठे? भाड्याने शेड बघितली, धायरीत आणि नऱ्ह्यात, मालक अकरा महिन्यांचा करार आणि मोठं डिपॉझिट मागतात, कारखान्याच्या हिशोबाने, आणि त्यांचंही बरोबर आहे. सुट्टीच्या दिवशी चार तास काम करणाऱ्या माणसाला ते कसं परवडणार.

पूर्वी वाड्यात चौक असायचा, तिथे कोणी खाट विणायचं, कोणी सायकल उघडून बसायचं, गणपतीचा देखावा तिथेच उभा राहायचा. आता फ्लॅटमध्ये एक टेबल दुरुस्त करायचं म्हटलं तरी खालून फोन येतो. आमच्या भागातल्या गणपती मंडळाच्या पोरांनी मला वीस फुटी डोलकाठी आणि शिडं त्यांच्या खोलीत ठेवू दिली, वर स्वतः दोन रविवार येऊन घासायला मदत केली. जुन्या शिडाचं कापड चांगलं होतं, उन्हाने दोरा तेवढा कुजला होता, तो ताडपत्री शिवणाऱ्या एका दादांनी मंडळाच्या खोलीतच बसून सगळा नवीन घातला. ही पोरं दरवर्षी महिनाभर मांडवात वेल्डिंग, सुतारकाम, लायटिंग सगळं करतात आणि विसर्जन झालं की हत्यारं पोत्यात जातात, कारण वर्षभर ती वापरायला जागा नाही.

म्हणून मागणी अशी आहे. शहरात प्रत्येक भागात एक तरी अशी शेड हवी जिथे सामान्य माणूस तासाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे भाडं भरून स्वतःच्या हाताने काम करू शकेल. नवीन काही बांधायची गरज नाही. आयटीआयची वर्कशॉप्स आहेत, शाळांमधले कार्यानुभवाचे वर्ग आहेत, ते संध्याकाळी आणि रविवारी बंद असतात. वीज आहे, पत्रा आहे, अग्निशमनाची सोय आहे. एक जाणता मिस्त्री मानधनावर नेमावा, टिंबर मार्केटला भेटले तसे, ज्यांचं ज्ञान त्यांच्या मुलांना नकोय आणि आम्हाला हवंय. भाड्यातून त्यांचं मानधन निघावं. हे महापालिका करू शकते, संस्था करू शकतात, आपल्या वर्तमानपत्राने पुढाकार घेतला तर फारच छान.

आणि तोवर माझ्यापुरतं. बोटीचं पोट पूर्ण झालंय, मागची फळी नवीन बसलीये, रंगाचे दोन हात आणि सुकाणूचं काम बाकी आहे. मला साधारण १८ बाय १० फुटांची छपराखालची जागा हवीये, दोन महिने, एक लाईटचा पॉइंट पुरेल, रात्री काम करणार नाही, रोजचा केर रोज काढीन, भाडं देईन. बोटीचं वजन साधारण ९० किलो आहे, चार माणसं उचलतात, माणसं मी आणतो, मंडळाची पोरं तयार आहेत. धायरी, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड गाव, कुठेही चालेल. कोणाकडे असेल त्यांनी कृपया आपल्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता तिथे दिलेला आहे. मुदत ३० तारखेची आहे.

आपला,
एक वाचक
सिंहगड रोड, पुणे