आई-बाबा, शनिवारी दुपारी आपला सोपा द्याल का?

बेळगाव

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "त्या संस्थेत तू नक्की करतेस काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही." फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले. एक मागणीही आहे, ती आधीच सांगते. दर शनिवारी दुपारी आपल्या घराचा पुढचा सोपा, ती बसायची-उठायची जागा, आमच्या संस्थेतल्या मुलांसाठी हवी आहे. का हवा, ते वाचा आणि मग दोघांनी मिळून ठरवा.

आमच्याकडे येतात ती ज्या घरावर काहीतरी कोसळलं आहे अशा घरांतली मुलं. कुणाचा बाप कर्जापायी गेला, कुणी हायवेवरचा अपघात डोळ्यांदेखत पाहिला, कुणाच्या घरात रोज रात्री मारहाण, कुणावर ओळखीच्याच माणसानं हात टाकला. पुरातली मुलं तर तुमच्या डोळ्यांसमोरची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा-दूधगंगा फुगल्या, आपल्या निपाणीशेजारी यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पडलेल्या घरांचे पंचनामे झाले, मेलेल्या जनावरांची नोंद झाली. मुलांची नोंद कुणी घेतली नाही, कारण ती धडधाकट दिसत होती.

नदीकाठच्या गावातला एक मुलगा आहे. पहिल्या पुरात तो अंगणवाडीत होता. पत्र्यावर सर वाजली की तो अजूनही हातातलं ताट ठेवून उठतो आणि दप्तर घेऊन दारात उभा राहतो. रात्री अंथरूण ओलं करायचा. शाळेत पोटात दुखतंय म्हणून आठवड्यातून दोनदा घरी. पोटाच्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला. आजी म्हणायची, "पोरगं भ्यालंय." ती बरोबरच बोलत होती. आजोबा मात्र चारचौघांत, "एवढं मोठं घोडं झालंय आणि..." असं सुरू करायचे, आणि पोर भिंतीकडे तोंड करून बसायचं.

आम्ही पहिले काही आठवडे त्या मुलाला काहीच विचारलं नाही. आजीजवळ बसलो. दृष्ट काढू नका असंही तिला सांगितलं नाही. मीठ-मोहरी ओवाळताना ती त्याला जवळ घेते, त्याचं नाव घेऊन बोलते, तेवढा वेळ तो तिचा एकट्याचा असतो. ते त्याला हवंच आहे. त्याच्या जोडीला काही साध्या गोष्टी ठरवल्या. जेवण-झोप रोज ठरल्या वेळी. अंथरूण ओलं झालं तर न बोलता बदलायचं. पाऊस लागला की घरातल्या मोठ्यानं त्याच्याशेजारी बसून नदीचं पाणी आज कुठवर आहे ते खरं खरं सांगायचं. आणि एक पिशवी. त्यात त्यानं स्वतः रेशन कार्डाची झेरॉक्स, आपलं प्रगतिपुस्तक, बॅटरी आणि बिस्किटांचा पुडा भरला आणि ती दाराच्या खुंटीला लावली. आता सर आली की तो उठतो, पिशवी चाचपून बघतो आणि परत जेवायला बसतो. माझ्या मते ती पिशवी म्हणजे वेड नव्हे, त्या गावात राहणाऱ्या कुणाही शहाण्या माणसाकडे ती असायला हवी.

खोदून खोदून विचारणं हा आपल्याकडचा मोठा घोटाळा. शेजारीण येते, मामा येतो, बाई येतात, आणि प्रत्येक जण पोराकडून तेच वदवून घेतो. मन मोकळं होईल असं त्यांना वाटतं. पण एकदाच बसवून सगळं बोलायला लावू नये, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घराची घडी बसली, जवळचं एक माणूस खंबीर राहिलं, तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटला तरी झोप, खाणं, शाळा ताळ्यावर येत नसेल तर मात्र डॉक्टर हवाच. मग आम्ही त्यांना बेळगावच्या सिव्हिलला नेतो, नाहीतर धारवाडला डिमहान्स या मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर समजूतदार असतात, पण बोलणं बहुतेक कन्नडमध्ये आणि मुलाच्या आईला फक्त मराठी येतं, म्हणून आमच्यातलं कुणीतरी सोबत जातंच. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, तिचा १४४१६ हा नंबर आपल्या फ्रिजवर चिकटवून ठेवा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. मुलावर संकट असेल तर मुलांच्या मदतीचा नंबर १०९८.

पोलिसांत जायची वेळ येते तेव्हा घरचे सगळ्यात जास्त खचतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात सगळं स्पष्ट लिहिलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, घेणाऱ्याच्या अंगावर वर्दी नको, आई-बाप किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ हवं, भाषेची अडचण असेल तर दुभाषा घेता येतो. पण हे गरिबाला ठाऊक नसतं आणि विचारायला तोंड उघडत नाही. एका आईला दिवसभर बाकावर बसवून संध्याकाळी कन्नडमधला कागद पुढे केला, सही करा म्हणून. आमच्या ताईंनी कायद्याचं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं. मग तो कागद ओळ न् ओळ मराठीत सांगितला गेला, दोन ठिकाणी दुरुस्त झाला, आणि मग सही झाली. त्या मुलीचं नाव-गाव मी तुम्हालाही सांगणार नाही. तशी कायद्यानंच बंदी आहे, आणि आपली गावं लहान आहेत.

आई, १९८१ च्या निपाणीतल्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर झालेल्या गोळीबाराचं तू सांगतेस. गल्लीतला तो मुलगा त्यानंतर कित्येक वर्षं हायवे ओलांडायला तयार नव्हता, लांबच्या वाटेनं शाळेला जायचा, आणि सगळे त्याला भित्रा म्हणायचे. वखारीत तुम्ही बायका त्याच्याबद्दल बोलायचात, पण त्याच्यापाशी जाऊन बसायचं काम कुणाचंच नव्हतं. मी करते ते हेच काम. बाबांना कुणी विचारलं तर एवढं सांगितलं तरी पुरे.

आता सोप्याचं. निपाणीहून बेळगाव पंचाहत्तरेक किलोमीटर. मुलाला घेऊन यायचं म्हणजे आईची त्या दिवसाची रोजी बुडते, विड्या वळायच्या राहतात. दोन-तीनदा येतात आणि मग थांबतात. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. शिवाय पाटी लावलेल्या जागेत मूल शिरलं की गावभर होतं. आपल्या घरी कोण आलं-गेलं याचं कुणाला काही वाटत नाही.

तुम्ही फार काही करायचं नाही. मुलं चित्रं काढतील, मातीकाम करतील, काही नुसती बसतील. आई, तू घरात असलीस की झालं. बाबा, तुमच्याकडून मात्र मला जास्त हवं आहे. आयांना पटवणं जमतं, आजोबांना पटवणं आम्हा पोरींना जमत नाही. तुम्ही तीस वर्षं कंडक्टरकी केलीत, काठावरचं गाव न् गाव तुम्हाला ओळखतं, कन्नड-मराठी दोन्हीत तुमचा शब्द चालतो. सोडायला आलेल्या म्हाताऱ्यांशी कट्ट्यावर बसून बोला. पोराला चारचौघांत हिणवू नका, एवढं त्यांना तुमच्या तोंडून कळलं तर आमचं निम्मं काम होईल.

दोन नियम आहेत. आमच्या दोघीजणी कायम हजर असतील आणि कुठलंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड राहणार नाही. हा नियम मलाही आहे, तुम्हालाही, मनाला लावून घेऊ नका. दुसरा, सोप्यातलं काहीही गल्लीत जायचं नाही. आई, शेजारच्या काकूंनासुद्धा नाही.

दुसऱ्यांची दुःखं ऐकून मी खंगेन असं तुला वाटतं. आमच्यातल्या जाणत्या ताई पंधरवड्याला आम्हाला घेऊन बसतात, जे साठलं ते तिथे बोलून होतं. मी जेवते, झोपते, आणि या कामात माझं मन लागलंय. बँकेची परीक्षा मी देणार नाही, हे मात्र आता पक्कं समजा.

विचार करून सोमवारपर्यंत कळवा. नाही म्हणालात तर दुसरी जागा बघेन, रागावणार नाही. होकार असेल तर माळ्यावरच्या सतरंज्यांना ऊन दाखवा, आणि न्हाणीची आतली कडी नीट बसत नाही ती सुताराकडून करून घ्या. मुलींना लागेल.

तुमची,
थोरली