बिअर गाळत नाहीत, आंबवतात

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या छंदांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी इथे ऑरेगॉनमधील पोर्टलंड शहरात आपल्या इंटरनेट आवृत्तीवर वाचला. त्यातील परसबाग आणि ढोलपथक यांविषयीचा मजकूर चांगला उतरला आहे. शेवटच्या दोन परिच्छेदांत मात्र ‘घरच्या घरी बिअर गाळण्याचे खूळ’ असा उल्लेख आहे, त्याला जोडून २०१५ सालच्या मुंबईतल्या मालवणीतील विषारी दारूकांडाची आठवण काढली आहे आणि सोबत तांब्याच्या भट्टीचे छायाचित्र छापले आहे. या तिन्ही गोष्टींविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मी मूळची सांगलीची असून गेली अकरा वर्षे दीड महिन्यातून एकदा घरी बिअर करते, तेव्हा हे पत्र अनुभवातून लिहिलेले आहे असे समजावे.

पहिली हरकत क्रियापदाला आहे. गाळणे आणि आंबवणे या दोन क्रिया मराठीला अनोळखी नाहीत. माडी आंबते, काजूच्या बोंडांचा रस आंबवून तो भाटीवर चढवला, त्याची वाफ थंड करून थेंबाथेंबाने उतरवली, की त्याची आधी हुर्राक आणि नंतर फेणी होते. बिअर ही माडीच्या कुळातली आहे, फेणीच्या नव्हे. तिच्यात जे काही मद्य तयार होते ते यीस्टने साखर खाऊन केलेले असते आणि त्यापुढे कोणीही वाफ धरून ते तीव्र करत नाही. उकळण्याची क्रिया बिअरमध्येही आहे. पण ती आंबवण्याच्या आधी होते, तेव्हा त्या पातेल्यात मद्याचा थेंबही नसतो. लेखकाची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

बिअर कशी होते, हे घरोघरच्या वाचकांना नाचणीच्या सत्त्वावरून चटकन कळेल. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, भाजून दळली की लहान मुलांची पेज गोडसर लागते, कारण मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारी विकरे तयार होतात. माल्ट म्हणजे हेच, फक्त धान्य जव असते. एकोणीस लिटरच्या घाण्याला मी साडेचार ते पाच किलो भरडलेले माल्ट घेते आणि ते ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर झाकून ठेवते. पाणी दोन-तीन अंशांनी कमी राहिले तर बिअर पातळ आणि कोरडी होते, वर गेले तर अंगाने भरीव आणि गोडसर होते. त्यामुळे त्या तासात थर्मामीटर हातातून सुटत नाही. मग गोड पाणी काढून घ्यायचे आणि तासभर खळखळून उकळायचे. उकळताना त्यात हॉप्सची वाळलेली फुले पडतात. सुरुवातीला टाकलेल्या हॉप्सचा कडवटपणा उतरतो, शेवटच्या काही मिनिटांत टाकलेल्यांचा गंध राहतो. इथून दक्षिणेला असलेल्या विलामेट खोऱ्यात हॉप्सची शेती होते, आणि १९७२ साली प्रसृत झालेला, संत्र्या-पपनसाच्या सालीसारखा वास असलेला ‘कॅस्केड’ हा वाण याच राज्यातल्या संशोधनातून आला. माल्टचा उरलेला चोथा मी वाळवून दळते. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळला तर पाहुण्यांना पत्ता लागत नाही. (कुत्रा असलेल्या घरात हॉप्सचा चोथा मात्र उघड्यावर टाकू नये, तो कुत्र्यांना विषारी असतो.)

उकळलेला रस तांब्याच्या वेटोळ्या नळीतून थंड पाणी फिरवून वीस अंशांवर आणला, की तिथून पुढे खरे काम यीस्टचे आणि आपले काम फक्त स्वच्छतेचे. विरजण लावताना भांड्याला आंबूस वास असला तर दही बिघडते, तसेच हे आहे, फक्त इथे बिघाड दोन आठवड्यांनी कळतो. त्यामुळे थंड झालेल्या रसाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू, अगदी झाकणाची रबरी चकतीसुद्धा, आधी धुऊन मग सौम्य आम्लाच्या निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात बुडवावी लागते. बिअर करण्यातला निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो, हे आपल्या लेखात आले असते तर छंदाचे आकर्षण आपोआपच बेताचे झाले असते.

यीस्ट टाकल्यावर बारा-चौदा तासांत झाकणातल्या पाण्याच्या पेल्यातून कर्बवायूचे बुडबुडे सुटू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर तपकिरी फेसाची जाड साय चढते. माझी तिसरी बिअर काळी, दाट स्टाउट होती. बादली मी कोटांच्या कपाटात ठेवली होती आणि वर मोकळी जागा सोडायला विसरले होते. फेस चढत चढत झाकणातल्या बारीक नळीत शिरला, हॉप्सचा गाळ तिथे अडकला, आणि पहाटे धप्प असा आवाज झाला. पाहिले तर झाकण कोटांच्या खिशाजवळ पडलेले, छताला वाटीएवढा तपकिरी डाग आणि नवऱ्याच्या लग्नातल्या कोटावर फेसाची नक्षी. त्यानंतर पहिले चार दिवस मी बोटभर जाडीची नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या भांड्यात सोडते. आई इकडे राहायला आली तेव्हा त्या भांड्यातली बुडबुड ऐकून म्हणाली, “झाकण उघड ना, बघू दे तरी काय झालंय.” झाकण उघडायचे नसते हे तिला पटवणे हे त्या महिन्यातले सर्वांत कठीण काम ठरले.

तापमानाकडे डोळेझाक चालत नाही. आंबताना उष्णता सुटते, त्यामुळे खोली वीस अंशांवर असली तरी बादलीच्या आतला भाग दोन-चार अंश अधिक गरम असू शकतो. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट साधारण अठरा ते वीस अंशांवर नीट काम करते. फार गरम झाले तर केळ्यासारखा वास आणि घशाला झोंबणारी जड अल्कोहोले तयार होतात. ‘आठवड्याभरात तयार’ हे आपल्या लेखातले वाक्य म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. तयार झाली की नाही हे दिवस मोजून ठरत नाही, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर ठरवतो. सुरुवातीला तो १.०५० दाखवतो, खाली येत येत १.०११ वर आला, आणि तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखीच निघाली, तर आंबणे थांबले असे समजायचे. या दोन आकड्यांच्या फरकावरून मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते.

हे माप चुकवणाऱ्यांसाठी खरा धोका बाटल्यांत असतो. बाटलीत भरताना एकोणीस लिटरला साधारण एकशेवीस ग्रॅम साखर मोजून घालतात, म्हणजे बंद बाटलीत थोडे आंबून वायू तयार होतो. आंबणे पुरते होण्याआधीच बाटल्या भरल्या किंवा साखर अंदाजपंचे घातली, तर काच फुटते, आणि ती दिवाळीच्या फटाक्यासारखी फुटते. लेखकाने ‘विषारी वायूमुळे स्फोट’ असे जे लिहिले आहे ते बहुधा अशाच एखाद्या प्रसंगावरून असावे. वायू तोच, सोड्याच्या बाटलीतला. वाढतो तो दाब. लहान बंद खोलीत कर्बवायूचा सिलिंडर गळू लागला तर मात्र गुदमरण्याचा धोका खरोखर असतो, म्हणून माझा सिलिंडर गॅरेजमध्ये हवेशीर जागी उभा बांधलेला आहे.

मी सात वर्षांपूर्वी बाटल्या सोडून केगवर आले. केग म्हणजे एकोणीस लिटरचे पोलादी पिंप. अशी पिंपे पूर्वी शीतपेयांचा पाक दुकानांत पोहोचवायला वापरत. त्याला दोन तोंडे असतात. एकातून वायू आत जातो, दुसऱ्याला तळापर्यंत पोहोचणारी नळी असते आणि तिच्यातून बिअर वर येते. भरण्याआधी पिंपात कर्बवायू सोडून आतली हवा हाकलायची, मग बादलीतून नळीने, खळबळ न करता, बिअर तळाशी उतरवायची. इथे घाई केली आणि हवा मिसळली की महिनाभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि हॉप्सचा सगळा गंध उडून जातो. मग पिंप फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवून बारा पीएसआय (चौरस इंचाला बारा पौंड) दाब लावायचा. दहा दिवसांत बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीचपट वायू विरघळतो. ज्यांना दम नाही ते दाब वाढवून पिंप गदागदा हलवतात. मी दोनदा तसे केले आणि दोन्ही वेळा पेल्यात नुसता फेस आला. नळीची लांबी अपुरी असली तरी तेच होते. माझ्याकडे तीन-षोडशांश इंच व्यासाची दहा फूट नळी आहे, ती आधी पाच फुटांची होती, आणि पहिल्या वर्षी सगळे पाहुणे फेसच प्यायले.

मागच्या हिवाळ्यात वायूच्या तोंडावरची रबरी चकती चिरली होती. रात्री दाब लावून झोपले आणि सकाळी पाहिले तर काटा शून्यावर, पाच पौंडांचा सिलिंडर रिकामा. तेव्हापासून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा येतो का पाहते, आपल्याकडे गॅसच्या शेगडीचा पाइप बदलल्यावर पाहतात तसे. चकतीची किंमत सिलिंडर भरण्याच्या किमतीपुढे काहीच नव्हती, हे तेव्हा कळले.

आता मालवणीविषयी. त्या वेळी शंभरहून अधिक माणसे गेली, त्यात रोजंदारीवर जगणारे किती होते हे वाचकांना आठवत असेल. ती दारू मिथेनॉल मिसळलेली होती, म्हणजे औद्योगिक वापराचे विष मद्य म्हणून विकले गेले. जव आंबवताना मिथेनॉल धोक्याच्या प्रमाणात तयार होत नाही. बिअर बिघडली तर ती आंबट होते, साय धरते, वास मारते आणि नाइलाजाने मोरीत ओतावी लागते. त्या दुर्घटनेचे नाव छंदाच्या लेखात फोडणीसारखे टाकले, की त्या मृत्यूंना जबाबदार असलेल्या भेसळीकडे लक्षच जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

कायद्याबद्दल लेखात एक ओळही नाही, हे अधिक खटकले. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, पण बिअर त्यातून वगळली गेली. ती सवलत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने आली: एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास दोनशे, आणि तीही विक्रीसाठी नव्हे. गाळण्याला त्या कायद्याने मुभा दिली नाही. राज्यांचे नियम निराळे आहेत. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी २०१३ साली परवानगी दिली. आमच्या ऑरेगॉनमध्ये तर कायद्याच्या शब्दार्थावरून घरची बिअर घराबाहेर नेता येते का असा पेच पडला आणि २०१० साली राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने ती चूक दुरुस्त केली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते एका बादलीत का असेना. हा छंद वाचून सांगली-सातारच्या एखाद्या तरुणाने यीस्ट मागवले, तर त्याला हे आधीच कळायला हवे होते, आणि ते सांगण्याचे काम लेखाचे होते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे, की इंटरनेट आवृत्तीत ‘गाळणे’ ऐवजी ‘आंबवणे’ असा बदल करावा, महाराष्ट्रातल्या कायद्याची ओळ जोडावी आणि भट्टीचे छायाचित्र काढून टाकावे. त्याऐवजी हवे असल्यास माझ्या गॅरेजमधले छायाचित्र पाठवते. त्यात एक पांढरी बादली, झाकणातून निघालेली एक नळी आणि तिच्या टोकाशी पाण्याचे भांडे, एवढेच दिसेल.

आपली,
एक नियमित वाचक
पोर्टलंड, ऑरेगॉन