गाळणी तिकडेच लावा म्हणणाऱ्या ताईंना

नाशिक

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

दिंडोरीच्या पॅकहाउसमधली काट्यावरची वजनं आमच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये आणि परदेशी ग्राहकांच्या ऑर्डरी सेल्सफोर्स या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही आता एकाच पडद्यावर, त्या घटकेच्या, दिसतात ते तुमच्यामुळे. तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, फक्त "पुढच्याला सांगा" एवढीच अट घातलीत. म्हणून हे पत्र जाहीर, आणि त्यात गोडवे कमी, तपशील जास्त.

एसक्यूएल सर्व्हर सेल्सफोर्सशी थेट बोलत नाही. मध्ये ओडीबीसी ड्रायव्हर (परका डेटा टेबलासारखा दाखवणारा दुवा) लागतो, आणि ड्रायव्हर व सर्व्हर यांच्यात एमएसडीएएसक्यूएल हा दुभाष्या. तुमचा पहिला प्रश्नच "डीएसएन (जोडणीची नावाने साठवलेली माहिती) कुठल्या खिडकीतून केला?" असा होता. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन खिडक्या. गंमत अशी, की 64 बिटची खिडकी 'सिस्टीम32' फोल्डरमध्ये आणि 32 बिटची 'सिसवॉव64'मध्ये. नाव वाचून जाणारा हमखास चुकीच्या दारात शिरतो. सर्व्हर 64 बिटचा असेल तर ड्रायव्हर आणि डीएसएनही 64 बिटचेच हवेत. शिवाय डीएसएन 'यूजर' नको, 'सिस्टीम' हवा, कारण सर्व्हरची सर्व्हिस वेगळ्या खात्यावर चालते आणि आपल्या खात्यातला डीएसएन तिला दिसत नाही. 'टेस्ट कनेक्शन' पास, पण लिंक्ड सर्व्हरवर (एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेल्सफोर्सची केलेली नोंद) एरर 7303, असं झालं की आधी या दोनच गोष्टी बघायच्या.

पण खरे आभार गाळणीबद्दल. सर्व्हर, कॅटलॉग, स्कीमा, टेबल अशी चार नावं टिंबांनी जोडून लिहिली की सेल्सफोर्सचं टेबल घरचंच वाटायला लागतं. फसगत तिथेच होते. पुढे लिहिलेली 'व्हेअर'ची अट (कुठल्या ओळी हव्यात ते सांगणारी गाळणी) तिकडे, सेल्सफोर्सकडे, पोचेलच असं नाही. बऱ्याचदा ती इकडेच राहते, आख्खं टेबल नेटवरून ओढलं जातं आणि मग इथे चाळलं जातं. समजा टेबलात 2 लाख ओळी आहेत आणि आपल्याला हव्यात 22. सेल्सफोर्स एका कॉलला (एका मागणीला) जास्तीत जास्त 2,000 ओळी देतं, म्हणजे 100 कॉल. पडदा दर मिनिटाला ताजा होत असेल तर तासाला 6,000. एंटरप्राइझ आवृत्तीचा 24 तासांचा कोटा 1,00,000 कॉलचा, वर प्रत्येक यूजर लायसन्समागे 1,000. म्हणजे मूळचा लाख सतरा तासही पुरत नाही. तो संपला की पडदा तर जातोच, बाकीची एपीआयवर (प्रोग्रामने सेल्सफोर्सशी बोलायचा मार्ग) चालणारी कामंही अडतात. ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये कंटेनर दारात उभा असताना हे कुणालाच परवडणारं नाही.

अट कुठे लागली हे ओळखायची तुमची रीत फार सोपी. एक्झिक्युशन प्लॅन (सर्व्हर क्वेरी कशी चालवतो त्याचा नकाशा) उघडायचा, 'रिमोट क्वेरी'च्या चौकोनावर माउस न्यायचा आणि तिकडे गेलेलं वाक्य वाचायचं. त्यात 'व्हेअर' दिसला तर ठीक. तो नाही आणि डावीकडे 'फिल्टर'चा वेगळा चौकोन आहे, म्हणजे गाळणी इकडे बसली.

उपाय एसक्यूएल सर्व्हरची 'ओपनक्वेरी' ही आज्ञा. तिला दिलेलं वाक्य जसंच्या तसं ड्रायव्हरकडे जातं, त्यामुळे अटही सोबत जाते. मात्र तिचे नखरे आहेत. तिच्यात व्हेरिएबल चालत नाही. तारीख किंवा ऑर्डर नंबर बदलता हवा असेल तर आख्खं वाक्य डायनॅमिक एसक्यूएलने (मजकुराचे तुकडे जोडून बनवलेली क्वेरी) जुळवावं लागतं. आतलं प्रत्येक अवतरणचिन्ह दुप्पट करायचं: स्टेटस = ''लोडिंग''. तेच वाक्य डायनॅमिक एसक्यूएलच्या अवतरणात बसवलं की दोनाची चार होतात, आणि एक जरी गळालं तरी एरर भलत्याच ओळीकडे बोट दाखवते. ड्रायव्हरला प्रश्नचिन्हाचे पॅरामीटर चालत असतील तर 'एक्झेक ... अ‍ॅट' ही आज्ञा जास्त नीटनेटकी, पण त्यासाठी लिंक्ड सर्व्हरवर 'आरपीसी आउट' ही सेटिंग चालू लागते, नाहीतर एरर 7411. त्याचा निकाल 'इन्सर्ट'ने टेबलात भरायला गेलो की सर्व्हर डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन (दोन्हीकडे एकत्र चालणारा व्यवहार) उघडायला बघतो आणि एरर 7391 येते. नुसतं वाचायचंच असेल तर त्या लिंक्ड सर्व्हरचं ट्रान्झॅक्शन प्रमोशन 'फॉल्स' करून ठेवायचं.

तारखेचा घोळ तुम्ही बोटावर हिशेब करून दाखवलात. सेल्सफोर्स वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतं, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत भरलेला माल म्हणूनच आदल्या दिवसाच्या खात्यात पडतो, आणि पॅकहाउसमध्ये रात्रीचं लोडिंग तर नेहमीचंच. दाखवताना 'अ‍ॅट टाइम झोन' वापरता येतं (एसक्यूएल सर्व्हर 2016 पासून). अट लावताना मात्र कॉलमला हात लावायचा नाही: आपला दिवस आदल्या तारखेच्या 18:30 यूटीसीला सुरू होतो, तीच वेळ इकडे काढून तिकडे पाठवायची. कॉलमभोवती फंक्शन गुंडाळलं की गाळणी पुन्हा घरी आलीच म्हणून समजा.

आणि ते पंधरा-अठराचं प्रकरण! सेल्सफोर्सचा आयडी 15 अक्षरी किंवा 18 अक्षरी असतो. पंधरामध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक मोजला जातो. शेवटची तीन अक्षरं तो फरक जपण्यासाठीच जोडलेली. एपीआयमधून 18 येतात, रिपोर्टमधून काढलेल्या एक्सेलमध्ये 15. आपल्या सर्व्हरचं कोलेशन (अक्षरं जुळवायचा नियम) सहसा लहान-मोठं बघत नाही, त्यामुळे पंधरावर जॉइन केला, म्हणजे टेबलं जोडली, की दोन वेगळ्या ऑर्डरी एक होऊ शकतात. एरर येत नाही, फक्त वजन चुकतं. असली चूक सगळ्यात वाईट. एक्सेलवाल्यांना सेल्सफोर्सच्या रिपोर्टमध्येच 'केससेफआयडी'चा फॉर्म्युला कॉलम देऊन 18 घ्यायला लावायचं, नाहीतर जॉइनवर बायनरी कोलेशन लावायचं.

सगळंच लाइव्ह हवं हा हट्टही तुम्हीच सोडवलात. आजच्या आणि उद्याच्या ऑर्डरी लाइव्ह, त्याही आधी टेंप (तात्पुरत्या) टेबलात घेऊन मग वजनांशी जोडायच्या. मागचं सगळं रात्री लोकल टेबलात, फक्त बदललेल्या ओळी 'सिस्टीममॉडस्टॅम्प' (ओळ शेवटची कधी बदलली त्याचा शिक्का) बघून. त्यातल्या दोन फटी लक्षात ठेवल्या आहेत: फॉर्म्युला फील्ड बदललं तरी हा शिक्का बदलत नाही, आणि खोडलेली ऑर्डर साध्या क्वेरीत येतच नाही, म्हणून ती आपल्या टेबलात भुतासारखी राहते. आठवड्यातून एकदा नुसत्या आयडींची यादी आणून ताळा करायचा. सेल्सफोर्सच्या रिसायकल बिनमध्ये रेकॉर्ड 15 दिवस असतं, तेवढ्यात चूक सापडली तर परत आणता येतं.

सुरक्षेचं थोडक्यात: सेल्सफोर्समध्ये वेगळा, फक्त वाचणारा यूजर; लिंक्ड सर्व्हरवर ठरावीक लॉगिनच त्याला जोडलेलं, बाकी सगळ्यांना नकार. पासवर्ड बदलला की सिक्युरिटी टोकनही (पासवर्डासोबत द्यायचा सेल्सफोर्सचा कोड) बदलतं, हे विसरलं तर रात्रीचा जॉब जुन्याच पासवर्डाने धडका मारून खातं लॉक करून ठेवतो.

तुमची चार पानं लॅमिनेट करून सर्व्हरच्या रॅकशेजारी लावली आहेत. पेन्सिलीने लिहिलेली "सिलेक्ट स्टार (सरसकट सगळे कॉलम मागणारी क्वेरी) दिसला तर माझं नाव सांगू नका" ही ओळही तशीच ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पॅकहाउसच्या संगणक विभागातली मंडळी

ता. क. क्वेरी बरोब्बर 10 मिनिटांनी मरत असेल तर नेटला दोष देऊ नये. एसक्यूएल सर्व्हरचा रिमोट क्वेरी टाइमआउट मुळातच 600 सेकंदांचा असतो. तो वाढवण्याआधी प्लॅन उघडून 'व्हेअर' कुठे आहे ते बघावं.